जंभेरीचा काटा समजून दीड वर्ष काढलेली टाच

सर्जनने फॉर्मवर लिहिलं होतं, उजव्या टाचेची गाठ, फॉरेन बॉडी असण्याची शक्यता, आणि खाली वेगळ्या पेनाने, कृपया काटा शोधावा. त्यामुळे मी ग्रॉसिंगला, म्हणजे आलेला तुकडा नुसत्या डोळ्यांनी बघून कापायला, बसले तेव्हा खरंच काटाच शोधत होते. तुकडा असेल अडीच सेंटीमीटरचा, वर टाचेची ती जाड पिवळट कातडी, मधोमध काळा डाग, डागाचे काठ वेडेवाकडे आणि एका बाजूला साल निघून कच्चं झालेलं. ब्लेडने मधून कापला तर आत काटा वगैरे काही नाही, शाईची दौत सांडावी तसा काळा रंग खालपर्यंत उतरलेला, आणि ब्लेडच्या पात्यालाही तो काळा लागला. मी ब्लेड तसंच हातात धरून दोन मिनिटं थांबले. बारा वर्षं नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय, पात्याला असा काळा रंग लागलेला मोजक्याच वेळा पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच निघालाय.

फॉर्मवर वय एकसष्ट, राहणार काटोलकडचे, व्यवसाय शेतमजुरी. आमच्या कामात पेशंट दिसत नाही, डबी दिसते, त्यामुळे फॉर्मवरच्या चार ओळींतून माणूस उभा करायची सवय लागते. काटोल म्हटलं की संत्र्याची बाग, बाग म्हटलं की अनवाणी पाय, आणि काटा म्हणजे बहुतेक जंभेरीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपलं नागपुरी संत्रं कलमाचं असतं, खालचं खुंट बऱ्याचदा जंभेरीचं आणि त्याला काटे असतात, खुंटाला फूट आली की ती छाटावी लागते आणि छाटलेलं खालीच पडलेलं असतं. म्हणजे काटा लागल्याची गोष्ट खोटी वाटण्यासारखी नव्हतीच, कोणालाही पटली असती.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, तयार झाला. नवतपा सुरू होता, पारा पंचेचाळीसच्या वर, सकाळी साडेदहाला लाईट गेली आणि जनरेटरवर एसी काही चालत नाही. आता टाचेची कातडी म्हणजे आधीच चामड्यासारखी कडक, आणि भोवतालचं मेण उन्हाळ्याने नरम, त्यामुळे मायक्रोटोमच्या पात्यावर सेक्शन, म्हणजे अगदी पातळ काप, घेताना कातडी तडकते आणि मेण चिकटतं. आमचे टेक्निशियन, ज्यांना लॅबमध्ये सगळेच भाऊ म्हणतात, त्यांनी ब्लॉक बर्फावर पालथा घालून ठेवला, पाच मिनिटांनी काढून चार सेक्शन घेतले, परत बर्फावर, परत चार, असं करत त्यांनी शेवटी एक अशी रिबन काढली की वॉटर बाथवर ती एकही सुरकुती न पडता पसरली. मी मागे उभी राहून बघत होते. चांगला सेक्शन नसेल तर माझ्या एमडीचा काही उपयोग नाही हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

स्लाइड लावली आणि पहिल्याच नजरेत कळलं. मेलॅनोमा. म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि तळपायाच्या प्रकाराला ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा म्हणतात, वरच्या थरात काळपट पेशींच्या रांगा आणि तिथून खाली घुसलेले त्यांचे झुबके. जाडी मोजली, ३.८ मिलिमीटर. ही जाडी मोजायची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये मांडली आणि आजही मेलॅनोमाच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे, एक मिलिमीटरच्या आतला आणि चारजवळ गेलेला यांच्या पुढच्या आयुष्यात खूप फरक पडतो. वरची जखम म्हणजे अल्सर, तोही वाईटच लक्षणात धरतात.

इथं जरा थांबून एक सांगते, कारण रागही येतो आणि वाईटही वाटतं. आपल्याकडे लोकांना वाटतं की त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांचा आजार, उन्हात जळणाऱ्यांचा. मेलॅनोमा आपल्यात कमीच होतो हे खरं, पण जेव्हा होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली होतो, म्हणजे जिथं ऊन फारसं पोचतच नाही. बॉब मार्लेचा असाच होता, पायाच्या अंगठ्यात, १९७७ मध्ये कळलं आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी माणूस गेला. आणि टाचेवरचा काळा डाग म्हटलं की आपल्याकडे कुरूप, चामखीळ, काटा, नाहीतर रक्त साकळलं असेल. या काकांनी पण दीड वर्षात गावात कॉर्न कॅप लावल्या, एकाने ब्लेडने तासून दिलं, दुसऱ्याने मलम दिलं. तळपायावर नवीन काळा डाग आला, तो पसरायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग एकसारखा नसला तर तो तासू नका, दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय कोण बघतं हो, ते स्वतः पण वाकून बघू शकत नाहीत.

असो, स्लाइडवर परत येते. गाठीपेक्षा मला जास्त खिळवून ठेवलं गाठीच्या काठाने. डाव्या बाजूला गाठीला लागून गडद निळ्या ठिपक्यांची गर्दी, मोहरी सांडल्यासारखी, ते सगळे लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी. उजव्या बाजूला मात्र सामसूम, तिथं गाठ खाली घुसत होती आणि तिला अडवायला कोणी नव्हतं. एकाच माणसाची एकच गाठ, मधलं अंतर जेमतेम दीड सेंटीमीटर, एकीकडे जत्रा आणि एकीकडे ओसाड. रिपोर्टमध्ये याच्यासाठी एक रकाना असतो, गर्दी सगळ्या काठाने असेल किंवा आतपर्यंत पसरली असेल तर ब्रिस्क, तुकड्या तुकड्याने असेल तर नॉन-ब्रिस्क, नसेल तर ॲब्सेंट. मी नॉन-ब्रिस्क लिहिलं. पण लिहून समाधान होईना, कारण निळा ठिपका म्हणजे कोण हे त्या रंगात कळत नाही, मारणारा आहे की नुसता उभा राहणारा आहे, की चक्क गाठीच्याच बाजूचा आहे.

म्हणून मी आयएचसी, म्हणजे ठरावीक जातीच्या पेशीच रंगवायचं काम, करायचं ठरवलं, सीडी-८ आणि सीडी-६८. सीडी-८ म्हणजे मारणाऱ्या टी पेशी आणि सीडी-६८ म्हणजे मॅक्रोफाज, गिळणाऱ्या पेशी. पेशंटचं डायग्नोसिस यावर अडलेलं नव्हतं, त्यामुळे बिल लावायचा प्रश्नच नाही, ते मी माझ्या हौशीने केलं म्हणा. भाऊ म्हणाले, "मॅडम, नेहमीच्या रंगानं काय दिसणार आहे, सगळं तपकिरीच होऊन राहील." एकदम बरोबर. आपण नेहमी वापरतो ते क्रोमोजेन, म्हणजे रंगद्रव्य, तपकिरी, आणि मेलॅनिन, म्हणजे कातडीचा स्वतःचा रंग, तो पण तपकिरी. काळ्या गाठीत तपकिरी खूण शोधायची म्हणजे रात्री कोळशाच्या ढिगात कावळा शोधायचा. मग त्यांनी कपाटातून लाल रंगाचं किट काढलं. कातडी प्रेशर कुकरमध्ये उकळून घेतली, हो खराखुरा कुकर, त्याशिवाय फॉर्मॅलिनमध्ये अडकलेले प्रोटीन मोकळे होत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला माझ्या टेबलावर दोन स्लाइड आल्या.

सीडी-८ च्या स्लाइडवर लाल ठिपके डाव्या काठाला रांगेने उभे होते, अगदी दारात, काही थोडे आत शिरलेले, गाठीच्या पेशीला अंगाला अंग लावून. बाकीचे मात्र बाहेरच. सीडी-६८ ची स्लाइड वेगळीच निघाली, मॅक्रोफाज काठाला होतेच पण गाठीच्या पोटातही भरपूर होते, जिथं मारणाऱ्या पेशी पोचल्या नव्हत्या तिथं हे आरामात बसलेले, पोटात मेलॅनिनचे काळे दाणे भरून. उजव्या ओसाड बाजूला पण. म्हणजे जी बाजू मला सामसूम वाटली होती ती सामसूम नव्हतीच, तिथं पाहुणे होते, फक्त वेगळे होते.

त्याच दिवशी काका स्वतः लॅबमध्ये आले. मुलगा रिपोर्ट आणि ब्लॉक घ्यायला आला होता, पुढच्या हॉस्पिटलला दाखवायला लागतात, आणि सकाळच्या एसटीने गणेशपेठला उतरून वडलांनाही सोबत घेऊन आलेला. मुलगा काउंटरवरच हळू आवाजात म्हणाला, मॅडम त्यांना काही सांगू नका. मी आत बोलावलं दोघांना, कारण बाहेर बसायला कूलरसमोर जागा नव्हती आणि माणूस एका पायावर उभा होता. खुर्चीवर बसल्या बसल्या काका म्हणाले, "कॅन्सरच हाये ना बाई? पोरगा सांगत नाई मले, पन रातच्यानं झोपून नाई राह्यला तो." मुलगा भिंतीकडे बघायला लागला. मी हो म्हटलं. तेवढंच.

मग त्यांनी विचारलं काटा निघाला का. मी नाही म्हटलं तर त्यांना पटेना, त्यांनी दीड वर्ष त्या काट्याशीच भांडण केलेलं. माझ्या मायक्रोस्कोपला कॅमेरा आहे, समोर स्क्रीन आहे, मी स्लाइड लावली आणि दाखवलं, हा बघा तुमच्या टाचेचा भाग, ही वरची कातडी, हे काळं ते खराब, आणि काटा कुठेच नाही. ते बराच वेळ बघत राहिले. आणि मग त्यांनी बोट काळ्या भागावर नाही, काठावरच्या लाल ठिपक्यांवर ठेवलं. "हे कोन हाये?" मी सांगितलं, तुमच्याच रक्तातल्या पेशी आहेत काका, त्या गाठीशी लढायला आल्यात. माणसाने मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न. "यायले कोनं बलावलं?"

एवढ्या वर्षांत एमडीच्या पोरांनी मला हा प्रश्न इतका सरळ विचारला नाही. रक्तातली पेशी पूर्ण शरीरात फिरते, तिला टाचेच्या कातडीत अडीच सेंटीमीटरच्या एका जागी काहीतरी चाललंय हे कळतं कसं?

मी म्हटलं, गाठीनंच बोलावलं काका. गाठीच्या पेशी काही पदार्थ बाहेर सोडतात, ते आजूबाजूला झिरपतात, गाठीजवळ दाट आणि लांब गेलं की पातळ, आणि पांढऱ्या पेशींना तो दाटपणा कळतो, जिकडं जास्त तिकडं त्या सरकतात. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हंजे वासानं येते. पतंगावानी." मला आधी दिव्यावरचा पतंग वाटला. पण ते सांगत होते रस चोखणाऱ्या पतंगाबद्दल, आंबिया बहाराचं फळ पिकायला लागलं की रात्री वासावर येतो, फळाला सोंड खुपसतो आणि फळ गळून जातं. त्यासाठी संध्याकाळी बागेत धूर करतात, धुराने वास दबतो आणि पतंग भरकटतो. मी कितीतरी वर्षं हे कीमोकाइन प्रकरण विद्यार्थ्यांना शिकवते, आणि मला यापेक्षा नेमकं उदाहरण कधी सुचलं नाही.

कीमोकाइन म्हणजे पेशींनी सोडलेली अगदी लहान प्रोटीन, माणसात पन्नासच्या आसपास प्रकार आहेत. प्रत्येक पांढऱ्या पेशीच्या अंगावर ठरावीक रिसेप्टर असतो, म्हणजे नाक म्हणा, आणि ज्या वासाचं नाक असेल त्याच वासावर ती जाते. पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घासत घरंगळत चाललेली असते, भिंतीला कीमोकाइन चिकटलेलं सापडलं की ती थबकते, चपटी होते आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडते, आणि मग वासाच्या दिशेने चालायला लागते. हे मी पुस्तकातून नाही तर हाताने करून बघितलंय, एमडीला असताना एका वर्कशॉपमध्ये. प्लास्टिकची छोटी वाटी, तिच्या तळाला पडदा, पडद्याला पाच मायक्रॉनची भोकं, वर पांढऱ्या पेशी आणि खाली ते द्रव्य. तासाभराने बघायचं किती पेशी अंग चोरून भोकातून खाली उतरल्या. ही युक्ती स्टीफन बॉयडनने १९६२ मध्ये काढली. खाली नुसतं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पाणी, ठेवलं तर फारसं कोणी हलत नाही, खाली कीमोकाइन ठेवलं की पेशी उतरतात, स्वतःच्या आकारापेक्षा बारीक भोकातून.

असंच खाली गाठीच्या पेशी वाढवलेलं पाणी ठेवलं तर? पेशी काढून टाकायच्या, फक्त त्या ज्यात वाढल्या ते पाणी. इटलीत आल्बर्टो मांतोवानी यांच्या गटाने १९८३ मध्ये दाखवलं की गाठीच्या पेशी असं काहीतरी सोडतात ज्याच्याकडे मोनोसाइट, म्हणजे मॅक्रोफाज व्हायच्या आधीच्या रक्तातल्या पेशी, खेचले जातात, आणि ज्या गाठी ते जास्त सोडतात त्यांच्यात मॅक्रोफाज जास्त. ते द्रव्य पुढे सीसीएल-२ नावाचं कीमोकाइन म्हणून ओळखलं गेलं. आणि मेलॅनोमाचं तर यात खास नातं आहे. मेलॅनोमाच्या पेशींच्या अशाच पाण्यातून १९८० च्या दशकात एक प्रोटीन शुद्ध केलं गेलं, त्याचं नावच मेलॅनोमा ग्रोथ स्टिम्युलेटरी ॲक्टिव्हिटी ठेवलं, कारण तोवर वाटलं होतं की हे गाठ स्वतःला वाढवायला वापरते. नंतर कळलं की ते न्यूट्रोफिलनाही, म्हणजे आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशींनाही, ओढून आणतं, आता त्याला सीएक्ससीएल-१ म्हणतात. एकच द्रव्य, स्वतःला खत पण आणि दुसऱ्याला बोलावणं पण.

हे सगळं मी काकांना अर्थातच नाही सांगितलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न परत तिथेच आला. "मारायला येते तं गाठ बलावते कायले? आपलाच जीव घ्यायले कोन बलावते?"

इथं मला खरं सांगायला थोडा वेळ लागला. कारण बोलावणं एक नाही, अनेक आहेत. सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० हे मारणाऱ्या टी पेशींना बोलावतात, सीएक्ससीआर-३ नावाचं नाक असलेल्यांना. आणि हे चांगलं चक्र आहे, टी पेशी आली की ती इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोपाचं प्रोटीन सोडते, त्याने गाठीच्या आणि आजूबाजूच्या पेशी अजून सीएक्ससीएल-१० सोडतात, त्याने अजून टी पेशी येतात. डाव्या काठाला जी जत्रा होती ती बहुतेक अशीच वाढलेली. पण तीच गाठ सीसीएल-२ सोडून मोनोसाइट बोलावते, सीएक्ससीएल-८ सोडून न्यूट्रोफिल बोलावते, आणि सीसीएल-२२ सारख्या हाकेवर येतात त्या रेग्युलेटरी टी पेशी, ज्यांचं कामच मुळी भांडण शांत करणं आहे. आणि ही हाक एकट्या गाठीचीच असते असं नाही, तिथले फायब्रोब्लास्ट, म्हणजे कातडीचे धागे विणणाऱ्या पेशी, आणि आधी येऊन बसलेले मॅक्रोफाज पण स्वतः हाका मारतात, पाहुण्याने पाहुणे बोलवावे तसं.

आणि मोनोसाइट तिथं पोचून मॅक्रोफाज होतो तेव्हा तो काय करतो हे त्या वातावरणावर ठरतं. जखमेत मॅक्रोफाज आधी घाण साफ करतो आणि मग भरून आणतो, नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, भांडणं मिटवतो. गाठ त्याला हा दुसरा पार्टच करायला लावते. हॅरोल्ड ड्वोरॅकने १९८६ मध्ये लिहिलं की गाठ म्हणजे न भरणारी जखम, आणि ते वाक्य मला दर वेळी अशा स्लाइडवर आठवतं. शरीर प्रामाणिकपणे जखम भरायला माणसं पाठवून राहिलं, आणि ती माणसं गाठीलाच रक्त पुरवून राहिली.

काकांना मी एवढंच म्हटलं, काका, गाठ जास्त करून घर बांधणारे मिस्त्री बोलावते, लढणारे तिने बोलावले नाहीत असं नाही पण ते दारात अडकलेत. ते म्हणाले, "मिस्त्री लागतेच ना घर वाढवाले." मुलगा इतका वेळ गप्प होता, तो पहिल्यांदा वळून स्क्रीनकडे बघायला लागला आणि विचारायला लागला, कुठले मिस्त्री, हे का, आणि हे काळं पोटातलं काय. बाप-लेक दोघं स्क्रीनला नाक लावून. बाहेर रिपोर्टवाल्यांची लाईन लागलेली, रिसेप्शनच्या ताईने दोनदा दार उघडून बघितलं, मी नंतर येते म्हणून खूण केली.

दारात अडकलेल्यांना आत सोडायची औषधं आहेत. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. टी पेशीला ब्रेक असतात, गाठ ते ब्रेक दाबून धरते, औषध ते सोडवतं. अमेरिकेत २०११ मध्ये इपिलिमुमॅब या अशाच औषधाला मेलॅनोमासाठी मान्यता मिळाली, त्याआधी पसरलेल्या मेलॅनोमात डॉक्टरच्या हातात फारसं काही नसायचं. पण ब्रेक सोडायला गाडी तिथं पोचलेली तर पाहिजे, जिथं टी पेशी आलीच नाही तिथं ही औषधं कमी चालतात, म्हणून तर कोण कोणाला बोलावतंय याच्यामागे जगभर लोक लागलेत. शिकागोत थॉमस गजेव्स्की यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की काही मेलॅनोमा बीटा-कॅटेनिन नावाचा मार्ग चालू ठेवतात आणि त्याने सीसीएल-४ ही हाकच बंद पडते, ती ऐकून येणाऱ्या डेंड्रिटिक पेशी येत नाहीत, आणि त्या नसल्या की टी पेशींना कोणी आणत नाही. काकांच्या भाषेत, बागेत धूर केला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत एका औषधाला मान्यता मिळाली ज्यात ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्सच्या विषाणूत जीएम-सीएसएफचं, म्हणजे डेंड्रिटिक पेशींना बोलावणाऱ्या प्रोटीनचं, जीन घालून तो सरळ मेलॅनोमाच्या गाठीत टोचतात, म्हणजे गाठीच्या पेशींकडूनच जबरदस्तीने बोलावणं पाठवायचं. मला ही कल्पना फार आवडते. तळपायाचा मेलॅनोमा मात्र ब्रेकवाल्या औषधांना उन्हाच्या मेलॅनोमाइतका चांगला ऐकत नाही, उन्हाने झालेल्यात डीएनएचे बिघाड भरपूर असतात त्यामुळे टी पेशींना तो परका म्हणून ओळखता येतो, याच्यात बिघाड कमी. आणि खर्च लाखांत. हे मी त्यांना त्या दिवशी बोलले नाही, ते ऑन्कोलॉजिस्टचं काम आहे आणि आधी ऑपरेशन व्हायचं होतं.

रात्री घरी जेवताना माझ्या डोक्यात तो काटाच होता. कारण ही सगळी विद्या सुरूच मुळी एका काट्यापासून झालीये. १८८२ मध्ये इल्या मेच्निकॉव्ह हा रशियन माणूस सिसिलीत मेसिनाला समुद्राकाठी राहत होता, स्टारफिशच्या पाण्यासारख्या पारदर्शक पिल्लांमध्ये फिरणाऱ्या पेशी बघत होता. त्याला वाटलं, बाहेरचं काही घुसलं तर या पेशी तिथं जमतील. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. त्यालाच पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं, पॉल एर्लिखसोबत. आणि त्या बागेत तेव्हा मुलांसाठी नाताळचं झाड सजवलेलं होतं, ते झाड होतं छोटं टँजरीनचं, म्हणजे आपल्या संत्र्याच्याच जातीचं. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला हे त्या काकांना सांग.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. टाचेचा भाग दोन सेंटीमीटर कड ठेवून काढला, मांडीची कातडी लावली, आणि जांघेतल्या दोन सेंटिनल गाठी, म्हणजे टाचेहून येणारा रस ज्या लिम्फ नोडमध्ये पहिल्यांदा पोचतो त्या, माझ्याकडे आल्या. एक साधी. दुसरी कापली आणि कापलेल्या बाजूवर काळे ठिपके. भाऊ शेजारीच उभे होते, ते काही बोलले नाहीत, मी पण नाही. डब्यावरचं नाव दोघांनाही पाठ होतं.

स्लाइडवर काळ्या पेशींचे झुबके दिसले, नोडच्या आतल्या पोकळीत. मेलॅनोमाच्या पेशी पण अशाच दिसू शकतात. पण या जरा फुगीर होत्या, केंद्रक लहान आणि शांत, दाणे ढोबळ. नुसत्या डोळ्यांनी इथं सही करायची नसते, म्हणून परत लाल किट, परत कुकर, या वेळी मेलॅनोमाच्या पेशी रंगवणारे सॉक्स-१० आणि मेलॅन-ए, आणि सोबत सीडी-६८. बाहेर मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला होता, लाईट होती, तरी भाऊंनी सवयीने ब्लॉक बर्फावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सॉक्स-१० ची स्लाइड आधी लावली. एकही पेशी लाल नाही. वेगवेगळ्या लेव्हलचे सहा सेक्शन बघितले, तिरके, उलटे, कोपऱ्याकोपऱ्याने. मेलॅन-ए कोरं. सीडी-६८ लावली तर सगळे झुबके लालभडक. मॅक्रोफाज होते. टाचेतलं मेलॅनिन गिळून पोटात घेऊन जांघेपर्यंत चालत आलेले, गाठ मात्र त्यांच्यासोबत आलेली नव्हती.

रिपोर्ट टाइप करायच्या आधी मी मुलाला फोन केला, एरवी मी असं करत नाही. नोड निगेटिव्ह आहेत म्हटलं तर तो पलीकडून काहीच बोलेना, मग फोन वडलांच्या हातात गेला. मी सांगितलं, काका, काळं पोचलं होतं तिथपर्यंत, पण ते गिळून आणलेलं होतं, गाठीची पेशी एकही नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं मात्र चुकवू नका, दुसऱ्या पायाचा तळवा पण दर महिन्याला पोराला बघायला लावा. ते हो हो म्हणाले.

"कोनते पोचले होते म्हनता, मिस्त्री का ते लढनारे?"

मिस्त्रीच, म्हटलं.

"मंग त्यायनं बी काई काम केलं म्हना," ते म्हणाले, आणि पलीकडे पोराला ओरडून सांगितलं की बाई म्हणते गाठ नाही गेली, आणि मग मला विचारलं की आंबियाचं फळ पिकेपर्यंत टाच भरून येईल का, संध्याकाळी धूर करायला कोणीतरी पायजे.